दोन कंपन्या आणि माझा डावा कान

मागच्या हिवाळ्यात माझी मुलगी आमच्या गावी, केनवडला आली तेव्हा तिच्या हातात दोन नोकऱ्या होत्या आणि आठवडाभरात त्यांतली एक नाकारायची होती.

ती पायलट आहे. शिक्षण संपल्यावर एका लहान कंपनीत लागली आणि पंख्याची छोटी विमानं चालवू लागली. आता तिचे उड्डाणाचे तास पुरेसे झाले होते आणि दोन मोठ्या कंपन्यांनी तिला घ्यायची तयारी दाखवली होती. एक आपल्या देशातली, दुसरी आखातातली. या दोन्ही कंपन्यांत मी नोकरी केलेली आहे. पहिली मी सोडली, दुसरीनं मला सोडलं.

"पप्पा, तुम्ही दोन्हीकडे होतात," ती म्हणाली. "दोन-चार वर्षांचं नका सांगू, ते मला नेटवर कळतं. शेवटपर्यंतचं सांगा. कुठे राहून म्हातारं व्हावं?"

आम्ही अंगणात उन्हाला बसलो होतो. माझे वडील, वय ऐंशीच्या पुढं, उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. तोंडातला घास संपवून ते नातीला म्हणाले, "तुह्या बापाले इचारून राह्यली व्हय? मंग आजचा दिवस गेला समज."

मी हसलो. संध्याकाळी सांगतो म्हणालो आणि शेताकडं निघालो. खरं म्हणजे माझ्याकडं उत्तर तयार होतं. गावातली, रिसोडची, वाशीमची पोरं मला फोन करून हेच विचारतात आणि मी त्यांना तेच ते सांगतो. पण हे स्वतःच्या मुलीला सांगायचं म्हटल्यावर मला जरा वेळ हवा होता.

मी याच गावचा. जमीन बरी होती आणि वडील हट्टी होते, म्हणून मला नागपूरला विमान शिकायला जाता आलं. तिथल्या फ्लाइंग क्लबात इंझोरीचा एक मुलगा भेटला. तेव्हा आमचा वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा व्हायचा होता. आमच्या दोघांची बोली ऐकून बाकीचे आम्हाला चुलतभाऊच समजायचे. लायसन हातात आल्यावर दोघंही बराच काळ रिकामे फिरलो आणि शेवटी त्या देशी कंपनीत एकाच दिवशी रुजू झालो. मी वयानं काही महिन्यांनी मोठा, म्हणून कंपनीच्या क्रमवारीत माझं नाव आधी लागलं आणि त्याचं बरोबर माझ्याखाली.

बाहेरच्या माणसाला हे कळायला जड जातं, पण पायलटच्या नोकरीत या क्रमाएवढं मोठं काहीही नसतं. वरचा माणूस निवृत्त झाला की खालचे सगळे एक-एक घर वर सरकतात. तुम्ही कॅप्टन कधी होणार, मोठं विमान कधी मिळणार, दिवाळीला घरी कोण जाणार, कोणत्या शहरात राहणार, सगळं त्यावर ठरतं. आणि कंपनी बदलली की तो क्रम तिथंच राहतो. नव्या ठिकाणी तुम्ही कितीही अनुभव घेऊन जा, क्रमात सगळ्यांत खाली.

मित्र मला चिडवायचा. "अबे, तू हालत नाही तोवर मी अडकलो न! मर नाहीतर नोकरी सोड."

"मी दोन्ही करत नाही," मी म्हणायचो.

कंपनी जुनी होती. विमानं बहुतेक मध्यम, वापरून वापरून सीटांचे कोपरे गुळगुळीत झालेले. बढती हळू. पण माणसं एकमेकांना ओळखत. कोणाच्या घरी लग्न असलं की कोणीतरी त्याची ड्यूटी घ्यायचं. मित्राचे वडील आजारी पडले तेव्हा तो दोन महिने इंझोरीला होता आणि त्याला कोणी काही विचारलं नाही. मला त्या कंपनीचा कंटाळा आला होता असं मी नंतर लोकांना सांगत असे. ते पूर्ण खरं नाही. मला तिच्या हळूपणाचा कंटाळा आला होता.

चौतीस वर्षांचा असताना आखातातली कंपनी मुंबईत मुलाखती घ्यायला आली. तिकडं सगळं वाढत होतं, सतत नवी विमानं येत होती, रुंद पोटाची, समुद्र ओलांडून जाणारी. राहायला घर, मुलीच्या शाळेची सोय, आणि थोड्याच वर्षांत मोठ्या विमानाचा कॅप्टन. देशी कंपनीत तेच विमान मिळायला केस पांढरे झाले असते. मी मुलाखत दिली आणि निवडला गेलो. मित्राला विचारलं, तू येतोस का. तो म्हणाला, "नाही यार. मले इथंच बरं वाटते." मला त्याची कीव आली होती, हे मला स्पष्ट आठवतं.

वडिलांना सांगायला केनवडला आलो. ते गोठ्यासमोर बसून दोर वळत होते.

"काहून जाऊन राह्यला? अथी काय खराब हाये?"

"खराब काही नाही, बाबा. तिकडं मोठं विमान भेटते."

"मोठं म्हंजे केवढं?"

"आपला अर्धा बाजार बसन त्याच्यात."

ते हसले. मग दोर बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, "अन् ते उडवतानी तुले जास्त बरं वाटन का?"

मी म्हणालो, "वाटन."

"मंग जाय."

एवढंच. मला त्यांची परवानगी हवी होती आणि ती मिळाली. आईनं मात्र काही विचारलं नाही. तिनं फक्त माझ्या मुलीला जवळ घेतलं आणि हिला तिकडं मराठीत कोण बोलायला लावीन, असं म्हणाली.

राजीनामा द्यायच्या दिवशी आमच्या ट्रेनिंगच्या मुख्य कॅप्टननं मला कँटीनमध्ये चहाला बसवलं. मोठा माणूस, कमी बोलणारा. त्यांनी मला थांब म्हटलं नाही. विमान कोणतं, घर कसं, बढती किती दिवसांत, हे सगळं त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि मेडिकल गेलं तर?"

"सर?"

"तुझं मेडिकल गेलं तर काय करतात ते? विचारलंस?"

पायलटची दर वर्षी तपासणी होते. डोळे, कान, हृदय, साखर. त्यातलं एक जरी बिघडलं तरी त्या दिवसापासून विमान बंद. आमच्या कंपनीत असे दोघं-तिघं होते. एकाला मिरगीसारखा झटका आला होता, एकाच्या हृदयात दोष निघाला होता. कंपनीनं त्यांना सिम्युलेटरवर बसवलं होतं, म्हणजे विमानाच्या त्या नकली कॉकपिटवर, जिथं नवी पोरं शिकतात. पगार कमी, पण माणूस त्याच इमारतीत, त्याच लोकांत राहायचा.

"नाही विचारलं," मी म्हणालो.

"विचार," ते म्हणाले आणि चहा संपवून उठले.

मी विचारलं नाही. चौतीस वर्षांचा होतो, प्रत्येक तपासणीतून सरळ बाहेर आलेला. मुलाखतीत जाऊन माझं शरीर बिघडलं तर काय द्याल, असं विचारणं मला अशुभ वाटलं. शिवाय मला वाटलं, ज्यांना कधी बाहेरून बोलावणं आलं नाही ते लोक असंच बोलतात.

मी गेल्यावर थोड्या दिवसांनी मित्राचा फोन आला. "आलो बे तुह्या जागेवर," तो म्हणाला. माझ्या जाण्यानं तो क्रमात एक घर वर सरकला होता.

आखातातली वर्षं वाईट होती असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर खोटं होईल. ते मोठं विमान मला फार आवडायचं. धावपट्टीवर त्याला उचलताना हाताला एक जडपणा जाणवायचा, आणि मग अचानक तो जडपणा नाहीसा व्हायचा. मी कॅप्टन झालो. मुलगी अरबी मुलांबरोबर, केरळच्या मुलांबरोबर, फिलिपिन्सच्या मुलांबरोबर वाढली. बायको माझी जवळच्याच रिठदची, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, मुंबईत ज्युनियर कॉलेजात शिकवायची. तिकडं तिनं घर सांभाळलं. आम्ही वर्षातून एकदा केनवडला यायचो, भरपूर खजूर घेऊन.

आई आजारी पडली तेव्हा मला मोजकेच दिवस मिळाले. माझ्या जागी ड्यूटी घेणारं कोणी नव्हतं, कारण मला कोणी तेवढं ओळखत नव्हतं. मी आलो, तिच्याजवळ बसलो, परत गेलो. पुढच्या वेळी आलो तो तिच्या तेराव्याला. याबद्दल कंपनीला बोल लावता येत नाही. त्यांनी नियमात होतं तेवढं दिलं. देशी कंपनीत नियमात नव्हतं तेही मिळालं असतं, हा विचार मात्र तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

मग कान.

युरोपातल्या एका हॉटेलात सकाळी दाढी करत होतो. डाव्या कानात मळणीचा थ्रेशर सुरू झाल्यासारखा आवाज आला आणि आरसा, भिंत, दिवा सगळं गोल फिरायला लागलं. बेसिन धरलं, तेही फिरत होतं. मी फरशीवर बसलो, मग आडवा झालो. थोड्या वेळानं सगळं थांबलं. उलटी झाली, तोंड धुतलं. बाहेर येऊन पलंगावर बसलो तर माझा टांगलेला गणवेश जिथल्या तिथं होता. संध्याकाळी तीनशेच्या वर माणसं घेऊन मला परत उडायचं होतं.

गप्प बसता आलं असतं. थकवा म्हणता आलं असतं. मी बराच वेळ फोनकडं पाहत बसलो. मग केला आणि सांगितलं की मी उडू शकत नाही. कंपनीनं दुसऱ्या कॅप्टनला पाठवलं आणि मी मागं प्रवाशांत बसून घरी आलो. याचं मला आजही काही वाटत नाही. हे मी बरोबर केलं. माझी चूक तिथं नव्हती.

तपासण्या झाल्या. दुसरा झटका घरीच आला, बायकोसमोर. कानाच्या आतल्या पाण्याचा दोष, असं डॉक्टर म्हणाले. माणूस जगतो, चालतो, काम करतो, पण विमान नाही. आधी काही महिन्यांपुरतं बंद आणि मग कायमचं.

कार्यालयातला माणूस वयानं लहान होता आणि फार सभ्य. त्यानं मला पाणी दिलं. करारात अशा वेळी किती महिने पगार, मग नोकरी कधी संपते, नोकरी संपली की व्हिसा कधी संपतो, घर कधी रिकामं करायचं, सगळं त्यानं शांतपणे समजावलं. मी विचारलं, "सिम्युलेटरवर, शिकवायला, काही?"

"सर, ती वेगळी भरती असते," तो म्हणाला. "आणि त्यांनाही मेडिकल लागतं."

तो खोटं बोलत नव्हता. त्यांच्याकडं तशीच पद्धत होती. मी सही केली होती त्यात हे सगळं होतं.

मुलगी बारावीत होती. परीक्षेला काही महिने उरलेले. आम्ही तिला एका केरळी कुटुंबाकडं ठेवलं आणि सामान बांधून निघालो. विमानतळावर ती रडली नाही. मी रडलो.

मी देशी कंपनीला फोन केला. माझ्या ओळखीचे बरेच जण निवृत्त झाले होते. ते ट्रेनिंगचे कॅप्टन वारले होते. नवीन माणसानं आदरानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मेडिकल गेलेल्यांची सोय आहे, पण ती आमच्या चालू लोकांसाठी आहे. मी तिथं बारा वर्षांपूर्वीचा सोडून गेलेला माणूस होतो. मग नागपुरात एका क्लासमध्ये पायलट होऊ पाहणाऱ्या पोरांना हवामान आणि दिशाशास्त्र शिकवलं. झटके येत राहिले; फळ्यासमोर उभा असताना एकदा टेबल धरून खाली बसावं लागलं. शेवटी केनवडला आलो. चुलतभाऊ शेती बघतो, मी त्याच्याबरोबर फिरतो. हळदीतलं मला आता थोडंफार कळतं.

यानंतर दोन-अडीच वर्षांनी माझ्या मित्राचंही मेडिकल गेलं. साखर वाढून इन्सुलिन सुरू झालं. कंपनीनं त्याला सिम्युलेटरवर बसवलं. आज तो तिथं नव्या पोरांना शिकवतो, आणि ती पोरं त्याच्या पाया पडतात असं मी ऐकलं. त्यानं ही बातमी मला स्वतः दिली नाही. दुसऱ्याकडून कळली.

एका उन्हाळ्यात तो इंझोरीला भावाकडं आला होता, तेव्हा मला भेटायला केनवडला आला. बायकोनं पन्हं केलं. आम्ही दोघं ओसरीवर बसलो. तो जाड झाला होता, आणि माझ्याकडं सरळ बघत नव्हता.

मीच म्हणालो, "तू शहाणा निघाला बे. मी मोठं विमान पाहलं, तू कंपनी पाहली."

त्यानं पेला खाली ठेवला. "एक गोष्ट सांगू का? रागावशीन नाही?"

"सांग."

"मी बी गेल्तो मुंबईले. त्याच मुलाखतीले. तुह्यानंतरच्या दिवशी." त्यानं पेला बाजूला सरकवला. "नापास झालो, यार. सिम्युलेटरमधी घाबरलो. तुले सांगाची लाज वाटली, म्हून म्हटलं मले इथंच बरं वाटते."

इतकी वर्षं मी माझ्या मनात त्याचा निर्णय आणि माझा निर्णय शेजारी-शेजारी ठेवून बघत होतो. त्यानं सगळं तोलून पाहिलं आणि मी नाही, असं धरून स्वतःला बोल लावत होतो. त्यानं काहीच तोललं नव्हतं. त्या दिवशी तो घाबरला नसता तर तोही माझ्यासारखाच गेला असता, आणि साखर वाढल्यावर माझ्यासारखाच परत आला असता.

"रागावला?" त्यानं विचारलं.

"नाही बे," मी म्हणालो. पण मला हलकं वाटलं नाही. उलट जास्तच वाईट वाटलं. माझी चूक असती तर निदान तिच्यातून शिकता आलं असतं; हा तर नुसता योगायोग निघाला.

तर हे सगळं मी त्या संध्याकाळी मुलीला सांगितलं. मित्राचंही सांगितलं. आणि शेवटी माझं मत सांगितलं: देशी कंपनी घे. आज विमान लहान असेल, बढतीला वेळ लागेल, पण तू सव्वीस वर्षांची आहेस. आत्ता त्या क्रमात नाव लागलं तर चाळिशीत तू चांगल्या जागी असशील. पुढं कधी आजारपण आलं, मूल झालं, माझं किंवा तुझ्या आईचं काही झालं, तर तिथं तुला माणसं असतील. आखातात विमान चांगलं आहे, पैसा चांगला आहे, काम शिकायला मिळेल, पण तिथं तू पायलट आहेस तोवरच आहेस.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही फोन पाहिला नाही. मग म्हणाली, "हे बरोबर आहे, पप्पा. मेडिकलचं मी दोन्हीकडे विचारलंय. तिकडे अजूनही तसंच आहे. मी माझा वेगळा विमा काढणार आहे, लायसन गेलं तर पैसे देणारा."

"म्हणजे तू तिकडं जायचं ठरवलंस?"

माझे वडील खाटेवर पडून ऐकत होते.

"तुम्ही तिथून निघालात तेव्हा तुम्ही घरी आलात," ती म्हणाली. "इथे आजोबा होते, तुमचं शेत होतं, तुमची भाषा होती. मी घरी नाही आले, पप्पा. मी घर सोडून आले. माझी शाळा तिथे आहे. माझ्या मैत्रिणी तिथे आहेत. बारावीचे ते महिने मी दुसऱ्यांच्या घरी राहिले, आणि रोज शाळेच्या बसमधून आपली बिल्डिंग दिसायची. आपल्या बाल्कनीत कोणाचे तरी कपडे वाळत असायचे."

इतक्या वर्षांत मी तिला किती तरी वेळा सॉरी म्हणालो होतो, की परीक्षेच्या वेळी तुला एकटं सोडलं. पण तिला तिथंच राहायचं होतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या हिशेबी ते शहर नोकरीचं ठिकाण होतं. तिच्यासाठी ते गाव होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"तू तेव्हा बोलली नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही झोपून असायचात. कान धरून. काय बोलणार?"

वडील खाटेवर उठून बसले. "जाऊ दे तिले," ते मला म्हणाले. "तुले मी अडवलं व्हतं का?"

"अडवायला पाहिजे होतं, बाबा," मी म्हणालो. हे मी त्यांना याआधी कधी म्हटलं नव्हतं.

त्यांनी उलट विचारलं, "अडवलं असतं त थांबला असता का?"

"नाही."

"मंग?"

ती गेली. जानेवारीत आम्ही तिला नागपूरला सोडायला गेलो. मी आता गाडी चालवत नाही, कान कधी दगा देईल सांगता येत नाही, बायको चालवते. तिला समृद्धी महामार्गावर चालवायला आवडतं, एकसारखा रस्ता. जाताना मुलगी आणि तिची आई पुढं बसून बोलत होत्या, मी मागं. विमानतळावर मुलीनं मला मिठी मारली आणि औषधं घ्या म्हणाली. मी तिला वरिष्ठांशी कसं वागायचं, पहिल्या तपासणीत काय विचारतात, असं काहीबाही सांगत राहिलो, आणि ती हो हो म्हणत आत गेली.

परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. बायको रिसोडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कायम प्राध्यापिका तिच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान आहेत. ती याबद्दल कधी तक्रार करत नाही.

कारंजा मागं पडल्यावर ती म्हणाली, "तुम्ही पोरीला दोन्ही कंपन्या छान समजावल्या."

"तिनं ऐकलं कुठं?"

"ऐकलं ना. ऐकून ठरवलं तिनं." तिनं एका ट्रकला मागं टाकलं, मग पुन्हा आपल्या लेनमध्ये आली. "आपण तिकडं गेलो तेव्हा माझं मुंबईच्या कॉलेजात कायम व्हायचं पत्र यायचं होतं. त्याच जूनमध्ये. माझ्यानंतर लागलेली आज तिथं विभागप्रमुख आहे."

हे मला माहीत नव्हतं. कायम होणार होती एवढं माहीत होतं, कधीतरी. जूनचं माहीत नव्हतं.

"सांगायचं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही इतके खूश होता."

तिच्या आवाजात राग नव्हता. तेवढ्यानं मला जास्त लागलं. एका माणसाच्या बढतीचा विचार करताना घरातल्या दुसऱ्या माणसाच्याही पुढं सरकण्याच्या जागा असतात, आणि मी गेलो तेव्हा त्या जागेवरही दुसरं कोणी सरकलं होतं, हे मला पन्नाशीनंतर त्या गाडीत बसून कळलं. मी माफी मागावी तर ती म्हणाली असती, आता काय त्याचं. म्हणून मी मागितली नाही, आणि न मागितल्याचंही वाईट वाटत राहिलं.

वाशीमजवळच्या मालेगावकडं उतरल्यावर तिनं एका टपरीपाशी गाडी थांबवली. आम्ही चहा घेतला. मी तिला विचारलं, आता कायम होण्यासाठी काही करता येईल का, कोणाला भेटता येईल का. ती म्हणाली, वय निघून गेलं. मग म्हणाली, रविवारी कॉलेजच्या मुलांना घेऊन काटेपूर्णाच्या जंगलात वनस्पती दाखवायला जायचं आहे, तुम्ही येता का, कान बरा असेल तर. मी येतो म्हणालो.

मुलीचं प्रशिक्षण आता संपत आलं आहे. ती त्या मोठ्या विमानावर उजव्या, सहवैमानिकाच्या सीटवर बसते. फोनवर आवाज खूश असतो. मी तिला तब्येत विचारतो, ती मला विचारते. फोन ठेवल्यावर वडील मला विचारतात, "काय म्हणे पोट्टी?" आणि मी सांगतो, "बरी हाये, बाबा." ते समाधानानं मान हलवतात. मला तेवढं समाधान अजून होत नाही.